सिंक म्हणजे बॅकअप नव्हे : मामांचा फोन आणि जयपूरचा एक सायबर कॅफे

आज एका जुन्या आणि बऱ्यापैकी लाजिरवाण्या प्रसंगापासून सुरुवात करतो. मी माझ्या मामांच्या फोनमधले एकशे तीस नंबर एका मिनिटात पुसले होते. चुकून बटण दाबलं गेलं असं नाही. सगळी बटणं मी विचार करून दाबली होती, विचारच चुकीचा होता. तो कुठे चुकला हे समजलं की ‘सिंक’ ही भानगड आयुष्यभरासाठी समजते. आजच्या फोनमध्येही आत तेच चाललेलं असतं, फक्त आता ते आपल्याला दिसत नाही.

गोष्ट २००५ सालची, दिवाळीच्या सुट्टीतली. मामा जयपूरला, जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत गलाईचं काम करायचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. विटा परिसरातल्या अनेक गावांतली माणसं सोनं-चांदी आटवायला आणि शुद्ध करायला भारतभर पसरली आहेत. जिथे सराफ बाजार, तिथे आपला गलाईवाला. जयपूर तर दागिन्यांचंच शहर. हा धंदा चालतो ओळखीवर. कोणाचा माल कधी येतो, कोण रोखीने देतो, कोणाला रात्री नऊनंतर फोन चालतो, हे सगळं मामांच्या डोक्यात असायचं, आणि नंबर फोनमध्ये.

मामांनी नवा रंगीत पडद्याचा फोन घेतला होता. नंबर झाले होते तीनशे ऐंशी. आता सिमकार्डाची गोष्ट अशी, की त्यात साधारण अडीचशे नावं मावायची. शिवाय एका नावाला बहुतेक सिममध्ये चौदाएक अक्षरांचीच जागा. त्यामुळे विट्याच्या तात्यांचे दोन नंबर, एक घरचा आणि एक दुकानाचा, सिममध्ये एकाच नावाने बसले होते, कारण शेवटचा शब्द गळून पडला होता. अडीचशेच्या पुढचे एकशे तीस नंबर फक्त फोनच्या स्वतःच्या मेमरीत होते. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तर ते सोबत येणार नव्हते.

मी तेव्हा कॉम्प्युटरचं शिकत होतो. मामा म्हणाले, “भाच्या, हे सगळं कुठंतरी उतरवून ठेव बाबा. फोन पडला, पाण्यात गेला, तर मी बसलोच.” मागणी अगदी शहाणपणाची होती. मी म्हटलं, “मामा, अर्ध्या तासाचं काम. तुम्ही चहा सांगा.”

फोनसोबत केबल आणि सीडी आली होती. घरी कॉम्प्युटर नव्हता. गेलो जवळच्या सायबर कॅफेत, सीडीवरचं सॉफ्टवेअर टाकलं, केबल जोडली. पडद्यावर दोन पर्याय आले, एक ‘बॅकअप’ आणि दुसरा ‘सिंक्रोनाइझ’. मला दुसरा शब्द जास्त भारी वाटला. इथेच घात झाला.

आता गोष्ट जरा थांबवतो आणि या दोन शब्दांतला फरक सांगतो.

बॅकअप म्हणजे झेरॉक्स. आज, आत्ता, फोनमध्ये जे आहे त्याची प्रत काढून बाजूला ठेवायची. उद्या फोनमध्ये काहीही होवो, त्या प्रतीला त्याचा पत्ताही नसतो. सिंक म्हणजे दोन वह्या सतत सारख्या ठेवायचा करार. या वहीत लिहिलं तर त्या वहीत उमटलं पाहिजे. आणि या वहीत खोडलं तर त्याही वहीत खोडलं गेलं पाहिजे. करारातला हा दुसरा भाग लोक वाचत नाहीत. मीही वाचला नव्हता.

पहिल्यांदा सिंक होतं तेव्हा दोन्ही बाजूंना एकमेकांचा इतिहास माहीत नसतो. म्हणून सगळ्या नोंदी एकमेकांसमोर मांडल्या जातात. जुळतात त्या जुळवल्या जातात, बाकीच्यांची बेरीज होते. तांत्रिक भाषेत याला ‘स्लो सिंक’ म्हणतात, आणि ते खरंच हळू असतं. कॅफेच्या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या वहीत कॅफेमालकाचे स्वतःचे ऐंशी नंबर होते. ते मला माहीत नव्हतं. सिंक संपलं तेव्हा मामांच्या फोनमध्ये झाले चारशे साठ नंबर, आणि कॉम्प्युटरवरही चारशे साठ. मामांच्या फोनमध्ये कुणा अनोळखी माणसाची मेव्हणी आली आणि कॅफेच्या कॉम्प्युटरवर जयपूरचा निम्मा सराफ बाजार गेला.

मामांचा चेहरा उतरला. सोन्याच्या धंद्यात ग्राहकांची यादी दुसऱ्याच्या मशीनवर राहणं म्हणजे दुकानाची किल्ली देऊन येणं. ते म्हणाले, “पुस ते आधी.” मी कॉम्प्युटरवरचे मामांचे तीनशे ऐंशी नंबर निवडले आणि डिलीट केले. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, खात्री करावी, फोनमध्ये सगळं शाबूत आहे ना ते पाहावं. म्हणून पुन्हा एकदा सिंक दाबलं.

सॉफ्टवेअरने प्रामाणिकपणे विचारलं होतं, की इतक्या नोंदी काढल्या जातील, पुढे जायचं का? मी वाचायच्या आधी ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या वेळचं सिंक पहिल्यासारखं नसतं. या वेळी सगळ्या नोंदी तपासल्या जात नाहीत. मागच्या भेटीनंतर काय बदललं, एवढंच विचारलं जातं. कॉम्प्युटर म्हणाला, तीनशे ऐंशी नोंदी खोडल्या आहेत. फोन म्हणाला, बरं, मीही खोडतो. काही सेकंदांत मामांच्या फोनमध्ये कॅफेमालकाचे ऐंशी नंबर उरले, आणि मामांचा एकही नाही.

सिममधले अडीचशे वाचले, कारण सिंकने फक्त फोनच्या मेमरीला हात लावला होता. गेले ते एकशे तीस, म्हणजे सगळ्यात नवे, चालू धंद्यातले. मामा काही बोलले नाहीत. चहा प्यायला. पुढचे आठ-दहा दिवस बाजारात फिरून एकेकाकडून नंबर पुन्हा घेतले. काही मिळाले, काही मिळाले नाहीत. एका पार्टीचं काम दुसरीकडे गेलं, हे मला मामींकडून कळलं, तेही दोन वर्षांनी.

यातला सगळ्यात झोंबणारा भाग मला नंतर कधीतरी वर्गात बसल्यावर सुचला. कॉम्प्युटरवरच्या त्या वहीला स्वतःची कचरापेटी होती. डिलीट केलेल्या नोंदी आधी तिथे जातात. म्हणजे मामांचे सगळे नंबर त्या कॉम्प्युटरवर तेव्हाही होते, एका क्लिकने परत आणता आले असते. आणि याचा दुसरा अर्थ असा, की ज्या भीतीने मी ते पुसले ती भीतीही तशीच राहिली. पुसल्याचा तोटा झाला, फायदा झाला नाही.

आता हे यंत्र आतून कसं चालतं ते पाहू. शब्द थोडे तांत्रिक आहेत, पण कल्पना आपल्या उधारीच्या वहीइतकीच सोपी आहे.

फोन कॉम्प्युटरला जोडण्याची सवय लावली ती खरं तर फोनने नाही, खिशातल्या डायरीने. १९९६ साली पाम कंपनीचा ‘पायलट’ आला. त्याच्यासोबत एक छोटी बैठक यायची. डायरी तिच्यात ठेवायची, एक बटण दाबायचं, की डायरीतले आणि कॉम्प्युटरवरचे पत्ते, तारखा, कामं जुळायची. त्याला ते ‘हॉटसिंक’ म्हणायचे. त्याच वर्षी नोकियाचा ९००० कम्युनिकेटर आला, फोन आणि डायरी एकाच पेटीत. पुढची काही वर्षं प्रत्येक कंपनीची केबल वेगळी, सीडी वेगळी आणि भाषाही वेगळी. एका कंपनीच्या फोनमधले नंबर दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये न्यायचे तर हाताने लिहून काढा.

याला कंटाळून फेब्रुवारी २००० मध्ये एरिक्सन, नोकिया, मोटोरोला, आयबीएम, लोटस, पाम, सायन आणि स्टारफिश अशा कंपन्या एकत्र आल्या आणि ‘सिंक-एमएल’ नावाची सामाईक भाषा ठरवली. डिसेंबर २००० मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. पुढे २००२ मध्ये हे काम ‘ओपन मोबाइल अलायन्स’ या संघटनेकडे गेलं. तुमच्या जुन्या फोनच्या मेनूत ‘सिंक्रोनायझेशन’ आणि त्यात ‘सर्व्हरचा पत्ता’ असा रकाना दिसला असेल, तर ती हीच. ती केबलवर, इन्फ्रारेडवर, ब्लूटूथवर किंवा जीपीआरएसवर, कशावरूनही बोलू शकायची.

तिच्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, खूण. प्रत्येक सिंकच्या शेवटी दोन्ही बाजू एक खूण लिहून ठेवतात, इंग्रजीत ‘अँकर’, म्हणजे नांगर. पुढच्या वेळी भेटल्यावर आधी ती खूण ताडून पाहतात. जुळली, तर ‘तेव्हापासून काय बदललं’ एवढंच बोलायचं. नाही जुळली, तर मधल्या काळात काहीतरी घडलंय, फोन रीसेट झाला असेल किंवा मशीन बदललं असेल, म्हणून पुन्हा मुळापासून स्लो सिंक. किराणा दुकानदाराची वही आणि आपली वही महिनाअखेरीस ताडून आपण खाली रेघ मारतो. पुढच्या महिन्यात रेघेच्या खालचंच पाहायचं. ती रेघ म्हणजे अँकर.

दोन, ओळख. तुमच्या फोनमधली नोंद क्रमांक १७ आणि कॉम्प्युटरवरची नोंद क्रमांक २०४ ही एकच व्यक्ती आहे, याचं कोष्टक ठेवावं लागतं. हे कोष्टक हरवलं की एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी तयार होतात. आपल्याकडे या गोंधळात भर घातली ती शून्याने. तेव्हा आपल्या सर्कलच्या बाहेरच्या मोबाइलला फोन लावायचा तर आधी शून्य किंवा अधिक एक्क्याण्णव लावावं लागे. मामांच्या फोनमध्ये राजस्थानातले नंबर नुसते दहा आकडी, महाराष्ट्रातले शून्य लावून. ते गावी आले की उलटं व्हायचं. जयपूरचे नंबर लागायचे नाहीत, मग ते शून्य लावून नवी नोंद करायचे. माणूस एक, नोंदी तीन. सॉफ्टवेअरला त्या तीन वेगळ्या वाटायच्या, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. अधिक एक्क्याण्णव लावून साठवलेला नंबर मात्र पुण्यात, बेळगावात, इंदूरला, दुबईत कुठूनही लागतो. ही सवय आजही चांगली.

तीन, भांडण. एकच नोंद दोन्हीकडे बदलली तर कोणाचं खरं धरायचं? सिंक-एमएलमध्ये यासाठी वेगवेगळे प्रकार होते. दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण हा एक. फक्त फोनकडून सर्व्हरकडे हा दुसरा, फक्त सर्व्हरकडून फोनकडे हा तिसरा. आणि ‘रिफ्रेश’, म्हणजे एका बाजूचं सगळं पुसून दुसऱ्या बाजूचं तसंच्या तसं उतरवायचं. मला त्या दिवशी हवं होतं ते ‘फक्त फोनकडून’. मी निवडलं ‘दोन्ही बाजूंनी’. एवढीच चूक, बाकी यंत्राने सांगितलं तेच केलं.

कोणाचं खरं धरायचं, यावरून जयपूरचीच एक गोष्ट आठवते. त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी, बहुधा माझं तोंड पाहवेना म्हणून, मामा मला जंतर मंतरला घेऊन गेले. सवाई जयसिंहाने १८व्या शतकात बांधलेली ती वेधशाळा. तिथलं मोठं सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे, म्हणजे जिन्याच्या आकाराचं प्रचंड सावलीचं घड्याळ. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. डोळ्यांना दिसते सरकताना. मामांनी यंत्रावरची वेळ पाहिली, मनगटावरची पाहिली आणि म्हणाले, “हे दहा मिनिटं मागं आहे की.”

मागं नव्हतं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ दाखवतं, ती भारतीय प्रमाणवेळ. जयपूर त्याच्या पश्चिमेला, पावणेशहात्तर अंशांच्या थोडं पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जयपूरचा सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सरासरी सत्तावीस मिनिटं मागे. त्यात पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे सूर्य वर्षभर थोडा पुढे-मागे होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो, म्हणून दिवाळीत फरक दहाच मिनिटांचा दिसतो. फेब्रुवारीच्या मध्यावर जाल तर चाळीसच्या पुढे. दोन्ही घड्याळं बरोबर आहेत, मधला नियम माहीत हवा. जयसिंहाची गंमत म्हणजे त्याने पोर्तुगालला माणसं पाठवून युरोपातली खगोलाची कोष्टकं मागवली, ला हायर या फ्रेंच ज्योतिर्विदाची. ती वेधांशी ताडली तेव्हा चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाचा फरक निघाला. त्याने कोष्टकाऐवजी वेधावर विश्वास ठेवला. भांडण कोणाच्या बाजूने सोडवायचं हे ठरवूनच तो कामाला लागला होता.

फोनमध्ये हा वेळेचा घोटाळा वाढदिवसांत दिसायचा. काही फोन वाढदिवस ‘मध्यरात्री बारा’ अशी वेळ लावून साठवायचे. सिंक करताना सॉफ्टवेअर ती वेळ ग्रीनिचच्या वेळेत बदलायचं. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून १२ तारखेची मध्यरात्र झाली ११ तारखेची संध्याकाळचे साडेसहा. दुसऱ्या बाजूने फक्त तारीख वाचली की वाढदिवस एक दिवस आधी. आणि प्रत्येक सिंकला आणखी एक दिवस, असंही झालेलं मी पाहिलं आहे. एखाद्या आत्याला दरवर्षी एक दिवस आधी शुभेच्छा जात असतील, तर तुमचा विसराळूपणा नसेलही.

आता देवनागरीचं. हा आपला खास प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

नंबर एका फोनमधून दुसऱ्यात न्यायचा सामाईक कागद म्हणजे ‘व्हीकार्ड’. १९९५-९६चा. जुन्या फोनमध्ये त्याची २.१ ही आवृत्ती असायची. इंग्रजी नाव त्यात सरळ लिहिलं जातं. देवनागरी नाव मात्र साध्या अक्षरांत गुंडाळून पाठवावं लागायचं. प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याआधी बरोबरचं चिन्ह. ‘मामा’ म्हणजे म, काना, म, काना अशी चार चिन्हं. ती या पद्धतीत छत्तीस अक्षरांची होतात. नाव आडनावासह लांब असेल तर ओळ मध्येच तोडावी लागते, आणि काही फोनना तुटलेली ओळ जोडता यायची नाही. मग अर्धं नाव गायब आणि उरलेल्या अर्ध्यात बरोबरच्या चिन्हांची रांग. सिमकार्डात तर आणखी अडचण. चौदा जागांच्या सिममध्ये साध्या पद्धतीने देवनागरीची सहाच चिन्हं बसतात. काने-मात्रे धरून सहा. म्हणून आपल्या पिढीने आई, बाबा, काकू सगळे इंग्रजी अक्षरांत साठवले. आवडीने नाही, जागेअभावी.

यातही जयपूरचा एक धागा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं ‘.भारत’ हे डोमेन सुरू झालं, मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी. त्यानंतर २०१६ मध्ये जयपूरच्याच डेटा इन्फोसिस या कंपनीने ‘डेटामेल’ ही सेवा आणली. तिच्यात ई-मेलचा पत्ताच भारतीय लिपीत घेता येत होता. पुढच्या वर्षी राजस्थान सरकारने लोकांना देवनागरी ई-मेल पत्ते द्यायला सुरुवात केली. पण तुमचा पत्ता देवनागरीत असून भागत नाही. समोरच्याच्या सर्व्हरला, त्याच्या फोनला, त्याच्या पत्त्यांच्या वहीला, वाटेतल्या प्रत्येकाला तो कळावा लागतो. एकाने जरी ‘हा पत्ता चुकीचा’ म्हटलं तरी टपाल परत. सिंकसारखंच हे, साखळीतल्या सगळ्यांना नियम मान्य असावा लागतो.

मग केबल कशी गेली? मालक बदलला म्हणून. आधी कॉम्प्युटर मुख्य वही होता आणि फोन त्याची नक्कल. आयफोनसुद्धा पहिली काही वर्षं आयट्यून्सला जोडल्याशिवाय चालू करता येत नव्हता. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला, आणि त्यात पत्त्यांची मुख्य वही थेट ऑनलाइन खात्यात होती. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगलने आपल्या संपर्कांचं सिंक इतर फोनसाठीही खुलं केलं. सिंक-एमएल येणाऱ्या फोनना त्याच भाषेत. फोन आता फक्त खिडकी झाला. फोन हरवला तरी नवीन घेऊन खात्यात शिरलं की नंबर हजर. मामांची २००५ची मागणी अशी पूर्ण झाली. करार मात्र तोच राहिला. फोनवर खोडलं की खात्यातही खोडलं जातं, आणि घरातल्या टॅबवरही.

तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात असा एखादा जुना फोन असेल, वडिलांचा, आजोबांचा. त्यातले नंबर काढायचे असतील तर घाई करू नका. आधी फोन चार्ज करून चालू होतो का ते पाहा. बॅटरी फुगलेली असेल तर ती लावू नका, तीच बनावट नवी मिळते का शोधा. मग सिममध्ये किती नावं आणि फोनमध्ये किती, हे वेगवेगळं मोजून कागदावर लिहा. ‘सिंक’ या शब्दाला हात लावू नका. ‘सेंड’, ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ शोधा. ब्लूटूथ असेल तर नोंदी व्हीकार्ड म्हणून दुसऱ्या फोनवर पाठवता येतात. काही फोनमध्ये सगळ्या एकदम जातात, काहींत एकेक करून पाठवाव्या लागतात. आलेली फाइल आधी कॉम्प्युटरवर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. देवनागरी नावांच्या जागी बरोबरच्या चिन्हांची रांग दिसली तर घाबरू नका, माहिती तिथेच आहे. फाइल न बदलता तिची एक प्रत बाजूला ठेवा. मग ती तुमच्या रोजच्या खात्यात न घालता एक नवं रिकामं ऑनलाइन खातं उघडून त्यात आयात करा. आकडा कागदाशी जुळला, नावं वाचता आली, की मगच मुख्य खात्यात आणा.

आणि गूगलच्या खात्यात काही उलटंपालटं झालंच, तर तिथे ‘बदल मागे घ्या’ अशी सोय आहे, तीस दिवसांपर्यंत मागे जाता येतं. खोडलेले संपर्कही तीस दिवस कचरापेटीत राहतात. कचरापेटी पाहायची, मंडळी. मी पाहिली नव्हती.

पुढच्या भागात जुन्या फोनमधले एसएमएस. ते काढणं याहून अवघड आहे, पण त्यातही काही वाटा आहेत. भेटू.